ग्लायोमाची नोंदवही आणि ब्लॉकचं कपाट : प्रकल्प नोंदी, नागपूर

१८ जानेवारी २०२४

नैतिकता समितीचं पत्र आज हातात पडलं. काम काय आहे ते एकदाच लिहून ठेवते. आमच्याकडे ऑपरेशन झालेल्या ग्लायोमाच्या (मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठीच्या) रुग्णांची नोंदवही करायची, जुने पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) शोधून त्यांवर आयडीएच आणि एमजीएमटी या जनुकांच्या तपासण्या करायच्या, आणि नव्या रुग्णांच्या गाठीचा तुकडा पहिल्या दिवसापासून नीट जपायचा. असं काम विदर्भात आणखी कोणी करायला घेत असेल तर त्याचा वेळ वाचावा, एवढ्यासाठी या नोंदी.

मंजुरीला उशीर झाला तो संमतीपत्रामुळे. मराठी फॉर्म दिला होता, हिंदी नव्हता. आमचे निम्मे रुग्ण मध्य प्रदेशातले, बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याकडचे. समितीनं हिंदी मागितला आणि पुढची बैठक दोन महिन्यांनी. तेव्हा दोन्ही फॉर्म एकदमच द्या.

समितीचा दुसरा प्रश्न मात्र रास्त होता. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असलेला माणूस सगळ्याला मान डोलावतो, सही करतो, आणि अर्ध्या तासानं विचारतो, "ऑपरेशन कोणाचं आहे?" त्याची सही कशी धरायची? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा वेळी कायदेशीर प्रतिनिधीची संमती घ्यायची सोय आहे. आम्ही असं ठरवलं : समजावून झालं की रुग्णाला त्याच्या शब्दांत परत सांगायला लावायचं. नाही जमलं तर घरच्यांची सही, आणि रुग्ण सावरल्यावर त्याला पुन्हा विचारायचं.

६ फेब्रुवारी

जुनी रजिस्टरं. ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) रजिस्टरात निदानाच्या रकान्यात पानोपानी एकच शब्द : एसओएल. म्हणजे डोक्यात जागा अडवणारं काहीतरी. त्यात ग्लायोमा आहे, मेनिन्जिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ) आहे, आणि आपल्या भागात टीबीची गाठसुद्धा असते. एमआरआयवर कडेनं कड्यासारखी चमकणारी गाठ बघून ग्लायोमा म्हणून आत जावं आणि ट्युबरक्युलोमा निघावा, हे इथल्या प्रत्येक न्यूरोसर्जननं पाहिलेलं आहे. त्यामुळे ओटीच्या रजिस्टरावरून यादी करू नका. पॅथॉलॉजीचं रजिस्टर मूळ धरा आणि मागे या.

मागे येणंच कठीण. ओटीत आयपीडी (दाखल रुग्णाचा) नंबर, पॅथॉलॉजीत बायोप्सी नंबर, दोन्हींना सांधणारं फक्त नाव आणि तारीख. नाव एकीकडे मराठीत, दुसरीकडे इंग्रजीत, आणि लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून. एकच बाई दोन रुग्ण म्हणून शिरल्या होत्या, एकदा माहेरच्या आडनावानं.

निदानाचे रकाने दोन ठेवले आहेत. एकात जुन्या रिपोर्टमध्ये जे लिहिलंय ते जसंच्या तसं, "जीबीएम ग्रेड ४" तर तेच (जीबीएम म्हणजे ग्लायोब्लास्टोमा, ग्लायोमातला सगळ्यात आक्रमक). दुसरा रिकामा, तपासण्या आल्यावर भरायचा. कारण डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या वर्गीकरणात प्रौढांमधला ग्लायोब्लास्टोमा म्हणजे आयडीएचमध्ये बदल नसलेलाच. बदल असेल तर ती गाठ सूक्ष्मदर्शकाखाली कितीही आक्रमक दिसो, नाव ॲस्ट्रोसायटोमा ग्रेड ४. जुनं निदान खोडून नवं लिहिलं की कोण कुठून कुठे गेलं हे कधीच कळणार नाही.

१४ मार्च

जुन्या ब्लॉकांचा पहिला गठ्ठा एमजीएमटीसाठी बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला होता. आज रिपोर्ट आले. बहुतेकांवर एकच शेरा : डीएनए निकृष्ट, निष्कर्ष काढता येत नाही. पैसे अर्थातच परत मिळत नाहीत.

ही तपासणी आम्हाला एवढी का हवी? ग्लायोब्लास्टोमाचे नेहमीचे उपचार म्हणजे ६० ग्रे रेडिएशन ३० सिटिंगमध्ये, सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या. २००५ सालच्या मोठ्या चाचणीत गोळ्या जोडल्यानं मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले) १२.१ महिन्यांवरून १४.६ वर गेलं, आणि एमजीएमटी जनुक मिथिलेशननं (डीएनएवर चिकटलेल्या रासायनिक खुणांनी) बंद पडलेलं असेल त्यांना फायदा जास्त. पण माझ्यासाठी महत्त्वाचा भाग वेगळा आहे. २०१२ साली आलेल्या दोन युरोपीय चाचण्यांनी दाखवलं की वयस्कर रुग्णात मिथिलेशन असेल तर नुसत्या गोळ्यांवरही भागू शकतं. सत्तरीतल्या आजोबांना सहा आठवडे नागपुरात धर्मशाळेत ठेवायचं की गावी अंगणात बसून गोळ्या घेऊ द्यायच्या, हे त्या कागदावर ठरू शकतं. आणि तो कागद कोरा येतो.

पॅथॉलॉजीच्या सरांनी जुन्या स्लाइड काढल्या. बऱ्याच ठिकाणी तपकिरी-काळे ठिपके. "फॉर्मालिन पिगमेंट," ते म्हणाले, "तुमच्या ओटीतला कॅन आणा बघू."

कॅनमधल्या द्रवात पीएचचा कागद बुडवला. आम्ल, आणि चांगलंच. कॅनमधलं तीव्र फॉर्मालिन नळाच्या पाण्यात अंदाजानं मिसळायचं आणि संपेपर्यंत वापरायचं, अशी वर्षानुवर्षांची रीत. ठेवून ठेवून त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं आणि ते डीएनएचे तुकडे पाडतं. नेहमीच्या रंगाच्या स्लाइडला फारसा फरक पडत नाही, म्हणून आजवर कोणी तक्रार केली नव्हती. एमजीएमटीच्या तपासणीत मात्र डीएनएवर आधी बायसल्फाइटची प्रक्रिया करतात आणि ती स्वतःच डीएनए मोडते. आधीच मोडलेल्यात काय उरणार?

२ एप्रिल

बफर केलेलं (पीएच स्थिर राखणारं) फॉर्मालिन तयार विकत मिळतं, पण खरेदीची फाइल फिरेपर्यंत पावसाळा येईल. तेव्हा पॅथॉलॉजीतच बनवायला घेतलं. एका लिटरसाठी : ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्माल्डिहाइड १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (मोनोहायड्रेट) ४ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट (निर्जल) ६.५ ग्रॅम. पीएच ७ च्या आसपास यायला हवा.

आला ६.६. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मीटर बिघडला म्हणून तो बदलून आणला, त्यात दोन दिवस. शेवटी टेक्निशियनताईंनी बाटली उलटी करून लेबल वाचलं : डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट, डोडेकाहायड्रेट. दुकानदारानं निर्जलऐवजी बारा रेणू पाण्याचं मीठ दिलं होतं, म्हणजे प्रत्येक वजनात निम्म्याहून जास्त पाणीच. ते मीठ वापरायचं तर ६.५ नव्हे, १६.४ ग्रॅम घ्यावं लागतं. तसं घेतलं आणि पीएच बसला.

मिठाची बाटली घेताना लेबलवरचा हायड्रेट वाचा. आणि हे सगळं फ्यूम हूडखाली, नाहीतर डोळ्यांची वाट लागते.

२३ एप्रिल

आता ओटी. तुकडा बिघडतो तो पहिल्या तासातच, आणि त्या तासात मी गाठीत गुंतलेली असते. म्हणून जे काही ठरवायचं ते आधी ठरवून भिंतीवर लावलं.

पहिला तुकडा बायपोलर चिमटा लावायच्या आधी घ्यायचा. रक्तस्राव थांबवायला जाळलेला तुकडा तपासणीला काही कामाचा नसतो. अल्ट्रासॉनिक ॲस्पिरेटर सुरू केलं की गाठीचा चोथा होऊन नळीतून जातो, तेव्हा त्याच्याही आधी. मधल्या मेलेल्या भागातला पिवळसर गाळ नको, कडेचा जिवंत भाग हवा. तुकडा कोरड्या गॉजवर ठेवून विसरायचा नाही (ट्रेच्या कोपऱ्यात तो वाळून खडखडीत होतो), थेट डब्यात. डब्यात फॉर्मालिन तुकड्याच्या दहा ते वीस पट. फॉर्मालिन आत शिरतं तासाला जेमतेम मिलिमीटरभर, म्हणून मोठा तुकडा चिरून टाकायचा. डब्याचं तोंड रुंद हवं. सलाइनच्या रिकाम्या बाटलीत कोंबलेली गाठ काढताना सरांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

डब्यावर वेळ लिहायची : तुकडा बाहेर आला ती आणि फॉर्मालिनमध्ये पडला ती. दोन्ही वेळा सिस्टर लिहितात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर घड्याळ असतं.

आज पहिलीच केस या पद्धतीनं केली. संध्याकाळी सहाला ओटीबाहेर आले तर डबा खिडकीत, उन्हाच्या तिरिपेत.

डबे पोचवणाऱ्या मामांना विचारलं, "मामा, हा अजून इथेच?"

"फॉर्म नाही आला न मॅडम, मंग नेऊ कसा? तिकडं बिना फॉर्मचा घेतच नाही."

बरोबर बोलले. फॉर्म रेसिडेंट भरणार, रेसिडेंट रुग्णासोबत आयसीयूत, आणि आयसीयूतून तो मोकळा होईपर्यंत पॅथॉलॉजी बंद. आजपासून फॉर्म सकाळी भूल द्यायच्या आधी भरून डब्याला रबरानं बांधून ठेवायचा, फक्त वेळा कोऱ्या.

३१ मे

काल शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि दिवसभर फोन वाजत राहिले. सेन्सर बिघडलेला होता असं हवामान खात्यानंच सांगितलं. पण बिघाड नसलेली केंद्रंही काही कमी दाखवत नव्हती, आणि आमचं ब्लॉकचं लोखंडी कपाट वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली.

ड्रॉवर ओढला तर ओढवेना. जोर लावला तेव्हा एक पूर्ण ओळ एकसंध बाहेर आली. ब्लॉक एकमेकांना चिकटलेले. पॅराफिन वितळायला ५६-५८ अंश लागतात, पण त्याच्या पुष्कळ आधी ते मऊ पडतं आणि वरच्या वजनानं दबतं. सुरीनं हलकेच सुटे केले. कडा गेल्या, आतला तुकडा बहुतेकांचा शाबूत. नुकसान खरं झालं ते नंबरांचं. कॅसेटवर कोणीतरी बॉलपेननं लिहिलेले आकडे शेजारच्या मेणात उलटे उमटले होते, मूळ जागी नुसता डाग. आरसा धरून जेवढे वाचता आले तेवढे वाचले. उरलेले ब्लॉक निनावी. त्यांचा उपयोग नाही, पण टाकवतही नाहीत.

कपाट तळमजल्यावर हलवलं. पंचवीसेक अंशांच्या वर जाणार नाही अशी खोली हवी, एसी मागितला आहे. कूलर चालणार नाही, दमटपणानं बुरशी येते. नंबर पेन्सिलीनं लिहायचे. पेन्सिल अल्कोहोलनं जात नाही, झायलीननं जात नाही, मेणातही उतरत नाही.

१६ जुलै

पाठपुरावा. सगळ्यात चिवट काम हेच, आणि ते कोणी प्रयोगशाळा करून देत नाही.

जुन्या केसपेपरवरचे नंबर लावायला बसलो तर अर्धे बंद. काही दुसऱ्याच माणसाच्या नावावर गेलेले. काही ठिकाणी फोन उचलला जातो आणि पलीकडून विचारतात, "कोण? थे तं गेले ना." त्यानंतर कधी गेले, शेवटी झटके येत होते का, गोळ्या पूर्ण झाल्या होत्या का, हे सगळं विचारायचं असतं. सुरुवातीला रेसिडेंट लोकांना बसवलं होतं. प्रश्नावली उघडून पहिला प्रश्न "मृत्यूची तारीख" असा विचारला की समोरचा फोन ठेवतो, आणि त्यानं ठेवायलाच हवा. आता आमच्या समाजसेविका ताई फोन करतात. त्या आधी घरच्यांची चौकशी करतात, कोण कसं आहे, पोरगी शाळेत जाते का. तारीख आपोआप येते, "पोळ्याच्या आधल्या दिवशी" अशी, मग आम्ही पंचांग काढतो.

हयात असलेल्यांचं वेगळं. गोंदियाकडच्या एका काकूंना टेमोझोलोमाइडच्या पुढच्या सायकलसाठी यायचं होतं, आल्या नाहीत. फोनवर सून : "बऱ्या हायेत जी, रोवणी आटोपली का आणतो." धानाची रोवणी सुरू असताना घरातलं एक माणूस दोन दिवसांसाठी मोकळं करणं म्हणजे काय, ते भंडारा-गोंदियात राहिलेल्यालाच कळेल. आमच्या कागदावर ते "उपचार सोडले" असं नोंदलं जात होतं. रकाना बदलला : "सोडले" वेगळं, "लांबले" वेगळं, आणि लांबण्याचं कारण शब्दांत. सायकल २८ दिवसांची असते आणि गोळ्या पहिले पाच दिवस. रक्ताची तपासणी गावाजवळ करून तिचा फोटो मागवला तर प्रत्येक वेळी नागपूर गाठायची गरज पडत नाही. काकूंचं तसंच केलं.

नव्या फॉर्मवर तीन फोन नंबर : रुग्णाचा किंवा घरचा, गावातल्या शेजाऱ्याचा किंवा किराणा दुकानाचा, आणि आशाताईंचा. तिसराच सगळ्यात जास्त लागतो. पण त्यांना फोन करायची परवानगी रुग्णाकडून आधी लेखी घ्या. गावात कोणाला काय झालंय हे आपण फोडायचं नसतं.

२० ऑगस्ट

या महिन्यात अमेरिकेत व्होरासिडेनिबला मान्यता मिळाली, आयडीएचमध्ये बदल असलेल्या ग्रेड २ च्या गाठींसाठी. औषध आपल्या रुग्णांच्या खिशाला कधी झेपेल कोण जाणे. पण आयडीएचचा रिपोर्ट आता नुसता भविष्य सांगायचा कागद राहिला नाही, उपचार त्यावर ठरणार.

म्हणून स्टेनिंगची फेरतपासणी. आम्ही वापरतो ते आर१३२एच (आयडीएचमधला सगळ्यात नेहमीचा बदल) ओळखणारं प्रतिपिंड, आणि आयडीएचच्या बदलांपैकी साधारण ९० टक्के तेवढ्यात सापडतात. उरलेले नाही. पंचावन्नच्या पुढच्या ग्लायोब्लास्टोमात ते निगेटिव्ह आलं तर तिथे थांबता येतं. तिशीतल्या मुलात निगेटिव्ह आलं तर सिक्वेन्सिंग केल्याशिवाय "बदल नाही" लिहायचं नाही. जुन्या रिपोर्टमध्ये तसं सर्रास लिहिलेलं आहे. ते सगळे आता "अनिर्णित" मध्ये.

एटीआरएक्सचा (काही ग्लायोमांत नाहीसं होणाऱ्या एका प्रथिनाचा) स्टेन वाचायची सरांची एक सवय उचलण्यासारखी आहे. गाठीच्या पेशींकडे बघायच्या आधी ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी बघतात. त्या निरोगी, त्यांची केंद्रकं रंगायलाच हवीत. त्याही कोऱ्या असतील तर स्टेनच फसला आहे, गाठीत एटीआरएक्स गेलं असं म्हणता येत नाही. आम्लाच्या फॉर्मालिनमधल्या जुन्या ब्लॉकांत हे वारंवार दिसलं.

४ सप्टेंबर

काल कुरिअर निघालंच नाही. तान्हा पोळा, मारबतीची मिरवणूक, इतवारी-महाल सगळं बंद, आणि उचलणारा मुलगा तिकडचाच. ब्लॉकचं काही बिघडत नाही, ते थांबू शकतात. पण ताजे तुकडे बर्फात पाठवायचे असतील तर नागपुरात तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ऑपरेशनची तारीख ठेवू नका.

२५ सप्टेंबर

फ्लोरेसीनबद्दल विचारणा होते म्हणून लिहिते. गाठ उजळून दाखवायला ५-एएलए उत्तम, पण महाग. आम्ही सोडियम फ्लोरेसीन वापरतो, डोळ्यांचे डॉक्टर पडद्याच्या अँजिओग्राफीला वापरतात तेच. भूल देताना शिरेतून, किलोला ३ ते ५ मिलिग्रॅम, आणि मायक्रोस्कोपला पिवळा फिल्टर. रक्त आणि मेंदूतला अडसर जिथे मोडलाय तिथे ते साचतं. म्हणजे ते पेशीत शिरून गाठ ओळखत नाही, हे ध्यानात ठेवायचं. सूज आलेली कडाही फिकट चमकते. आम्ही झगझगीत भागाचा आणि फिकट कडेचा तुकडा वेगळ्या डब्यांत घेतो. दोन डब्यांची झाकणं वेगळ्या रंगांची आणली, त्यानंतर अदलाबदल थांबली.

घरच्यांना आधी सांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी लघवी गर्द पिवळी आणि कातडीही पिवळट. "काविळ झाली का मॅडम?" म्हणून अख्खं कुटुंब आयसीयूच्या दारात उभं होतं.

ऑपरेशननंतरचा एमआरआय ४८ तासांत करायचा, फार तर ७२. त्यानंतर ऑपरेशनचीच जखम चमकायला लागते आणि उरलेली गाठ कोणती ते सांगता येत नाही. पुढे रेडिएशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतही गाठ वाढल्यासारखी दिसते आणि मग आपोआप उतरते. सुरुवातीचा फोटोच नसेल तर तुलना कशाशी करणार? आता एमआरआयची वेळ ऑपरेशनच्या यादीसोबतच नोंदवतो. तरी इमर्जन्सी आली की पहिला बळी आमच्याच वेळेचा जातो.

६ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी. बुधवारी काढलेला तुकडा सोमवारी उघडला. फॉर्मालिनमध्ये सहा ते ७२ तास ही मर्यादा, त्यापुढे बफर केलेलं फॉर्मालिनसुद्धा डीएनएला जखडून टाकतं. सुट्ट्यांच्या आदल्या दिवशी ऑपरेशनं होणारच, डोक्यातला दाब दिवाळी बघत नाही. ड्युटीवरच्या टेक्निशियननं ४८ तासांनी तुकडा ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवायचा, असं ठरलं. पाच मिनिटांचं काम. डब्यावर आता तिसरी वेळ लिहायची जागा आहे.

१३ जानेवारी २०२५

नव्या पद्धतीनं जपलेल्या तुकड्यांचे एमजीएमटी रिपोर्ट आले. बहुतेक वाचता आले. जे फसले त्यांत डीएनए चांगला होता, पण ब्लॉकमध्ये गाठच कमी आणि मेलेला भाग जास्त. म्हणजे आता दोष निवडीचा. यापुढे सर आधी स्लाइड बघून कोणता ब्लॉक जाणार ते ठरवतील आणि जिवंत गाठीचा भाग पेनानं वर्तुळ करून देतील.

खर्चाबद्दल : डबा, मीठ, फॉर्मालिन, पेन्सिल हे सगळं मिळून एका गाठीमागचा खर्च फसलेल्या एका तपासणीच्या पुढे किरकोळ आहे. खरा खर्च समाजसेविका ताईंच्या वेळेचा, आणि तो कुठल्याही प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात मी धरलेला नव्हता. पुढच्या अर्जात त्यांचं मानधन पहिल्या ओळीत टाकलं आहे.

रेडिएशन ऑपरेशननंतर साधारण चार आठवड्यांनी सुरू होतं, रिपोर्टला दोन आठवडे लागतात. ब्लॉक पहिल्या आठवड्यात निघाला नाही तर वयस्कर रुग्णासाठी त्या रिपोर्टचा काही उपयोग उरत नाही. म्हणून पासष्टच्या वरच्या रुग्णांच्या फॉर्मवर लाल ठिपका लावतोय, त्यांचा ब्लॉक गठ्ठा भरायची वाट न बघता एकटाच पाठवायचा. कुरिअरचे पैसे जास्त जातील. जाऊ देत.

एसी अजून आलेला नाही. मार्चच्या आत आला नाही तर ब्लॉक पॅथॉलॉजीच्या सरांच्या केबिनमध्ये हलवायचे ठरलंय. त्यांनी हो म्हटलंय, नाखुशीनं.